घराबाहेरची तुंबलेली सांडपाण्याची लाईन स्वतः मोकळी कशी करावी

मोरीतले पाणी उतरेनासे झाले की बहुतेक घरांत आधी ॲसिडची बाटली ओतली जाते आणि तिने काही झाले नाही की मिळेल ती लांब काठी पाइपात खुपसली जाते. दोन्ही उपाय घाईचे आहेत. अडथळा नेमका कोठे आहे हे ठाऊक नसताना ओतलेले रसायन तुंबलेल्या पाण्यात नुसते मिसळून राहते, आणि खुपसलेली काठी अडथळ्याला पुढच्या बेंडात (वळणात), म्हणजे जेथून तो काढणे अधिक कठीण अशा जागी, नेऊन बसवते. म्हणून या कामाचा निम्मा भाग शोधाचा आहे, आणि उरलेल्या निम्म्यात अडकलेली वस्तू ढकलायची नसून बाहेर काढायची आहे, हे आरंभीच मनाशी पक्के करावे.

या लेखात स्वतंत्र घर, बंगला किंवा रो-हाऊस गृहीत धरले आहे, जेथे स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे पाणी भिंतीबाहेर एका गली ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या, वळणात पाणी धरून ठेवणाऱ्या सापळ्यात) पडते, तेथून जमिनीखालच्या पाइपाने एकामागून एक दोन-तीन चेंबरांतून (झाकण असलेल्या लहान हौदांतून) जाते आणि शेवटी नगरपालिकेच्या गटार लाईनला किंवा परसातल्या शोषखड्ड्याला मिळते. संडासाची लाईन अनेक घरांत वेगळी असते आणि ती सेप्टिक टँकला जाते. सेप्टिक टँक, तसेच रस्त्यातले मोठे मॅनहोल, हे घरी करण्याचे काम नाही. आपण स्वतः हात घालावा तो कुंपणाच्या आतल्या सांडपाण्याच्या उथळ लाईनीला. येथे एकच मोजमाप पाळावे: जे काम जमिनीवर उभे राहून किंवा गुडघे टेकून करता येते आणि ज्यात डोके चेंबरच्या काठाखाली जात नाही, तेवढेच आपले.

अडथळा कोठे आहे ते आधी ठरवा

प्रथम घरात फिरून पाहावे. एकच सिंक तुंबले असेल आणि न्हाणीचे पाणी व्यवस्थित जात असेल, तर दोष बहुधा बाहेर नसून त्या सिंकच्या खालच्या बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपात आहे. सिंक आणि न्हाणी दोन्ही संथ झाली असतील, किंवा वॉशिंग मशीनचे पाणी सुटल्यावर न्हाणीच्या जाळीतून फेस वर येत असेल, तर मात्र दोष बाहेर आहे.

मग बाहेर येऊन गली ट्रॅपची जाळी उचलावी आणि त्यानंतरची चेंबरे एकेक करून उघडावीत. काँक्रीटचे झाकण बोटांनी उचलू नये. त्याच्या कडेची माती आधी जुन्या चाकूने किंवा थापीने खरवडून काढावी, पहारीचे टोक खाचेत घालून झाकण थोडे तरफावे, खाली विटेचा तुकडा सरकवावा आणि मग झाकण उभे न करता बाजूला सरकवावे. आत लगेच वाकून पाहू नये. झाकण काढल्यावर अर्धा तास तरी हवा खेळू द्यावी आणि त्या वेळात जवळ विडी, काडेपेटी किंवा उघडा दिवा आणू नये, कारण कुजणाऱ्या गाळातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. नंतर बॅटरीचा प्रकाश टाकून आत पाहावे. झुरळांचा लोंढा बाहेर येतो हे अपेक्षितच असते, परंतु पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि शेताजवळच्या घरांत, कोरड्या चेंबरात साप विसावलेला असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी चारी कोपरे पाहून घ्यावेत.

आता चेंबरे स्वतःच उत्तर देतात. गली ट्रॅप काठोकाठ भरला आहे आणि पुढचे पहिले चेंबर रिकामे आहे, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा त्या दोहोंमधल्या पाइपात आहे. पहिले चेंबर भरलेले आणि दुसरे रिकामे असेल, तर त्या दोघांमधला पाइप अडला आहे. सगळी चेंबरे भरलेली असतील तर अडथळा शेवटच्या चेंबरच्याही पुढे आहे. तेव्हा शेजाऱ्यांकडे तीच स्थिती आहे का हे विचारावे, आणि तसे असेल तर नगरपालिकेच्या लाईनचा दोष समजून तक्रार नोंदवावी, स्वतः काठ्या खुपसत बसू नये. ज्यांचे पाणी शोषखड्ड्याला जाते त्यांच्याकडे श्रावण-भाद्रपदात सगळी चेंबरे भरलेली दिसण्याचे आणखी एक कारण असते: जमिनीतले पाणीच वर आलेले असते आणि खड्ड्याला शोषायला जागा उरलेली नसते. अशा वेळी पाइप कितीही साफ केला तरी फरक पडत नाही. गच्चीचे पावसाचे पाणी त्या खड्ड्यात जात असल्यास ते आधी तोडून बाहेर काढावे.

झाकणे मातीखाली गाडली गेली असतील आणि कोणते चेंबर कोणाला जोडले आहे हे कळत नसेल, तर वरच्या टोकाला बादलीभर पाण्यात हळद कालवून ओतावी आणि पिवळे पाणी कोठे उतरते ते पाहावे.

साधने आणि अंगावरची तयारी

कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा या तीन गोष्टींशिवाय काम सुरू करू नये. गटाराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती, ती अशाच साचलेल्या पाण्यात वावरल्यामुळे. हातापायाला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत हे काम दुसऱ्याने करावे किंवा पुढे ढकलावे. पावसाळ्यात असे काम करावेच लागणार असेल, तर प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

साधनांत घमेले, जुना तांब्या किंवा पत्र्याचा डबा, लांब दांड्याची थापी, टोकाशी आकडा वळवलेली जाड तार, दोन-तीन बादल्या आणि पाइपात घालण्याजोगे लांब काहीतरी हवे. शेवटच्या वस्तूविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी बांबूची लांब कामटी सरळ पाइपासाठी उत्तम असते, लवचिक असते आणि फुकटात मिळते. परंतु ती बेंडात मोडते, आणि मोडलेला तुकडा हा मूळ अडथळ्यापेक्षा वाईट अडथळा ठरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लोखंडी स्प्रिंग बेंडातून वळते, पण हाताने फिरवायची साधी स्प्रिंग साधारण २ इंची पाइपापर्यंत उपयोगी पडते; ४ इंची पाइपात ती स्वतःभोवतीच गुंडाळली जाते. एकात एक स्क्रूने बसणारे रॉड मिळाले तर तेच घ्यावेत, आणि ते नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवावेत, कारण उलटे फिरवले की जोड आतल्या आत सुटतो आणि पुढचा रॉड पाइपातच राहतो. शेतीवाडी असलेल्या घरी या सर्वांहून सोयीचे असे एक साधन पडलेले असते: पाऊण किंवा एक इंची काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप. तो पुढे रेटण्याइतका ताठ असतो, वळणावर वाकण्याइतका मऊ असतो, आणि त्यातून पाणीही सोडता येते. मात्र तो पिण्याच्या पाण्याच्या नळाला थेट जोडू नये. नळाचा दाब अचानक गेला तर गटाराचे पाणी उलटे ओढले जाऊन घरच्या पाण्यात मिसळू शकते. पाणी द्यायचे ते उंचावर ठेवलेल्या वेगळ्या पिंपातून द्यावे, आणि तो पाइप पुन्हा कधीही चांगल्या पाण्यासाठी वापरू नये.

घरातल्या सर्वांना सांगून पाण्याचा वापर थांबवावा. वरच्या मजल्यावर भाडेकरू असतील तर त्यांनाही सांगावे, कारण ऐन वेळी वरून सुटलेली आंघोळीची बादली थेट आपल्या हातांवर येते.

गली ट्रॅप

पुष्कळ वेळा दोष येथेच सापडतो, असे प्लंबिंगचे काम करणारे कोणीही सांगतील, आणि ते स्वाभाविक आहे. गली ट्रॅपची रचनाच अशी असते की त्याच्या वळणात साधारण दोन ते अडीच इंच पाणी कायम उभे राहावे, म्हणजे लाईनमधली दुर्गंधी आणि किडे घराकडे येत नाहीत. त्या उभ्या पाण्यात जड वस्तू तळाला बसतात: भांडी घासायची राख, वाळू, चहाचा चोथा, भाताची शिते, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. त्यावर तेला-तुपाचा पांढरा थर जमतो, त्याला केस आणि नारळाच्या शेंडीचे धागे चिकटतात, आणि वळण बंद होते.

तांब्याने पाणी उपसून घमेल्यात काढावे. मग हातमोजा घातलेल्या हाताने किंवा थापीने तळाचा गाळ आपल्याकडे ओढत वर काढावा. पुढे ढकलण्याचा मोह येथे सर्वांत जास्त होतो, म्हणून पुन्हा सांगतो की सगळी ओढ वरच्या दिशेनेच असावी. हाताला न लागणारा भाग आकड्याच्या तारेने सोडवावा. घट्ट चरबी असेल तर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून ते ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. पाणी उकळते नसावे. पीव्हीसी पाइप त्या उष्णतेने मऊ पडतो आणि जोड सैल होतात. आंघोळीच्या कडकडीत पाण्याइतके पुरे. त्यानंतर पुढच्या चेंबरात पाणी उतरते का ते पाहावे. उतरले तर काम येथेच संपले.

दोन चेंबरांमधला पाइप

काम रिकाम्या, म्हणजे खालच्या चेंबरातून सुरू करावे. भरलेल्या चेंबरातून पाइपाचे तोंडच दिसत नाही, हात घाणीत बुडतात आणि काठीच्या जोराने अडथळा खाली दाबला जातो. रिकाम्या चेंबरात तोंड समोर दिसते, काठी अडथळ्याच्या मागून पोहोचते आणि सुटलेला गाळ आपल्या डोळ्यांसमोर येऊन पडतो. यात एक धोका आहे आणि तो नीट ओळखून घ्यावा. दहा मीटर लांबीच्या ४ इंची पाइपात सुमारे ८० लिटर पाणी मावते, त्यात वरच्या चेंबरचे पाणी मिळवले की अडथळा फुटताच हा सगळा साठा एकदम खाली येतो. म्हणून वरच्या चेंबरातले पाणी शक्य तेवढे बादलीने आधी उपसावे, पाइपाच्या तोंडासमोर न बसता बाजूला बसावे, तोंड मिटलेले ठेवावे आणि वाट फुटल्याचे जाणवताच हात मागे घ्यावा.

सुरुवात करण्याआधी खालच्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर जाळीचा तुकडा, जुनी प्लास्टिकची चाळण किंवा तारेची टोपली घट्ट बसवावी. एवढे केले नाही तर येथून सुटलेला चिंधीचा बोळा पुढच्या टप्प्यात, कदाचित रस्त्याखाली, जाऊन बसेल.

काठी किंवा पाइप हळूहळू आत सारावा आणि कोठे थांबतो तेथे त्यावर खूण करावी. बाहेर काढून लांबी मोजली की जमिनीवर तेवढ्याच अंतरावर अडथळ्याची जागा कळते, आणि पुढे खणावे लागलेच तर संपूर्ण अंगण उकरावे लागत नाही. हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यावे. मऊ, रबरासारखे परतवणारे काही लागले तर तो बहुधा चिंधी, सॅनिटरी पॅड किंवा चरबीचा गोळा असतो. त्यात टोकाचा आकडा किंवा रॉडचा मळसूत्री फाळ फिरवून अडकवावा आणि ओढून घ्यावा. काठीच्या टोकाला बारीक, तपकिरी, केसांसारखी मुळे आली तर जवळपासच्या झाडाने सांध्यातून वाट काढली आहे. जुन्या घरांत दोन-दोन फुटी स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) पाइप सिमेंटच्या सांध्यांनी जोडलेले असतात आणि पिंपळ, वड, उंबर यांची मुळे त्या सांध्यांतल्या ओलीकडे अचूक येतात. मुळे कापून पाणी चालू होते खरे, परंतु ती पुन्हा वाढतात. कायमचा उपाय म्हणजे तेवढा भाग खणून तेथे सांधे नसलेला अखंड पीव्हीसी पाइप टाकणे. काठीबरोबर लाल माती किंवा खडी येत असेल तर पाइप फुटला आहे हे समजून तेथेच थांबावे. फुटलेल्या पाइपात जोर केल्याने वरची माती आणखी खचते.

भाद्रपदात एक वेगळाच अडथळा आढळतो. शाडूच्या मूर्तीचे घरी बादलीत विसर्जन केले जाते, ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु ती माती मोरीत ओतली की ट्रॅपच्या आणि पाइपाच्या तळाला बसून घट्ट होते. हा थर काठीने फुटत नाही. त्यावर पाणी ठेवून त्याला रात्रभर भिजू द्यावे आणि मग एचडीपीई पाइपातून पाणी सोडत थोडी थोडी माती धुऊन खाली आणावी. पुढच्या वर्षी ती कुंडीत किंवा बागेत घालावी.

वाट मोकळी झाली की चेंबरातला गाळ घमेल्यांत भरून काढावा. तो रस्त्याकडेच्या गटारात टाकू नये, कारण पावसाच्या पाण्याबरोबर तो कोणाच्या तरी दारात जातो. परसात कोपऱ्याला हातभर खोल खड्डा करून त्यात पुरावा, भाजीच्या वाफ्यापासून आणि विहिरीपासून दूर. प्लास्टिक व पॅड वेगळे गुंडाळून कचरागाडीत द्यावेत.

धुऊन घेणे आणि तपासणे

नळाच्या बारीक धारेने पाइप धुतला जात नाही. वरच्या चेंबरात तीन-चार मोठ्या बादल्या पाठोपाठ, एकदम ओताव्यात. त्या लोंढ्याने तळाशी उरलेली वाळू उचलली जाते. खालच्या चेंबरात येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे, मगच जाळी काढावी.

त्यानंतर वरच्या चेंबरात पाइपाच्या तोंडाशी बॅटरी ठेवावी आणि खालच्या चेंबरात लहान आरसा तिरका धरून त्यात पाहावे. सरळ, स्वच्छ पाइपात उजेडाचे पूर्ण वर्तुळ दिसते. वर्तुळाचा खालचा भाग पाण्याने झाकलेला असेल तर पाइप मध्ये खचला आहे. पाइपाच्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान गुळगुळीत चेंडू पाण्याबरोबर सोडून तो दुसऱ्या टोकाला येतो का, हेही पाहता येते. चेंडू अडला तर आत अजून काही आहे. ज्या घरांत दर दोन-तीन महिन्यांनी तेच तुंबते तेथे उताराचा संशय घ्यावा. जुना ठोकताळा असा आहे की ४ इंची पाइपाला ४० फुटांत १ फूट आणि ६ इंचीला ६० फुटांत १ फूट उतार असावा. दोन्ही चेंबरांत पाणी भरलेली लेव्हलची नळी धरून हा फरक अर्ध्या तासात मोजता येतो. उतारच नसेल तर कितीही वेळा साफ केले तरी गाळ बसणारच, आणि तेव्हा गवंड्याला बोलावून पाइप नव्याने टाकणे हाच स्वस्तातला मार्ग आहे.

रसायनांविषयी

कॉस्टिक सोड्याच्या पुड्या घरातल्या सिंकच्या ट्रॅपमधली चरबी सोडवण्यास काही प्रमाणात उपयोगी पडतात. बाहेरच्या लाईनीत मात्र मी त्या वापरू नयेत असेच म्हणेन. अडलेल्या पाइपात त्या पाण्यात तशाच राहतात आणि नंतर काठी घालणाऱ्याच्या डोळ्यांत व अंगावर उडतात. ॲसिड सिमेंटचे सांधे खाते. दोन्ही सेप्टिक टँकमध्ये पोहोचली तर मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे ॲसिडयुक्त द्रव एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. एक उपाय केल्यावर दुसरा उपाय त्यावर ओतण्याच्या सवयीतून हे घडते. कोणी आधीच काही ओतले असेल तर काय ओतले ते विचारून घ्यावे, आणि भरपूर पाण्याने ते विरल केल्याखेरीज हात घालू नये.

कोठे थांबावे

कंबरेपेक्षा खोल चेंबर, सेप्टिक टँक, संडासाचा खोल खड्डा, रस्त्यावरचे मॅनहोल या ठिकाणी स्वतः उतरू नये आणि चार पैसे देऊन दुसऱ्या कोणालाही उतरवू नये. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा होणे हे सुरक्षिततेचे लक्षण मुळीच नाही. टाकीत पडलेल्याला काढायला मागून उतरणारेही त्याच वायूने मरतात, म्हणून वरून दोर ओढावा आणि १०१ किंवा ११२ वर मदत मागावी, आत जाऊ नये. हाताने मैला साफ करणाऱ्यांविषयीच्या २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टँक धोकादायक रीतीने साफ करण्यासाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरवला आहे, त्यात पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा कायदा खाजगी घरमालकालाही लागू आहे. नगरपालिकेचा किंवा खाजगी सक्शन टँकर (गाळ ओढून घेणारा) आणि जेटिंग मशीन (जोराच्या धारेने पाइप धुणारे) मागवले की तेच काम माणूस न उतरवता होते. पैसे वाचवण्यासाठी एखाद्या गरजू माणसाला खड्ड्यात पाठवण्याची आपल्या समाजातली जुनी सवय आहे, आणि ती या कायद्याच्या आधीपासूनच अन्याय्य होती.

काम झाल्यावर

झाकणे जागच्या जागी बसवून त्यांच्या कडेला माती-चुन्याचा किंवा कमजोर सिमेंटचा थर द्यावा, म्हणजे फटीतून डास आत-बाहेर करणार नाहीत आणि पुढच्या वेळी झाकण सहज निघेल. गली ट्रॅपची जाळी तुटली असेल तर ती त्याच दिवशी बदलावी. साधने ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावीत, कपडे वेगळे धुवावेत, साबणाने आंघोळ करावी.

घरात पुढील नियम ठेवावेत: खरकटे भांडे आधी पुसून मगच सिंकमध्ये ठेवणे, दिवाळीच्या फराळाचे उरलेले तळणीचे तेल बाटलीत भरून ठेवणे, गली ट्रॅपचा गाळ महिन्यातून एकदा काढणे, आणि मे महिना संपण्यापूर्वी सगळी चेंबरे उघडून पाहणे. चेंबरांची जागा भिंतीपासूनच्या अंतरांसह कागदावर मांडून तो कागद घराच्या नकाशाबरोबर ठेवावा.

पुढचे तीन-चार आठवडे स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष असू द्यावे. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही दिसू शकतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही जाणवले तर घरगुती औषधांवर न राहता लगेच डॉक्टरांकडे जावे आणि आपण गटाराच्या पाण्यात काम केले होते हे त्यांना न विचारताच सांगावे.